गप्प बसण्याचे पंचवीस तास

बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही बातमी वेळेनंतर दिली नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्याविषयी अभिमानाने सांगण्यासारखं दुसरं फारसं काही नाही. चक्रीवादळात आमच्या बेटावरच्या डोंगरातले सगळे विजेचे खांब आडवे झाले होते, तेव्हाही मी पोलीस चौकीच्या वायरलेसवरून संध्याकाळी साडेसहाच्या आत मजकूर पोचवला होता. अशा माणसाला एका प्रवेश अर्जाने नाक घासायला लावावं, हे आमच्या वीया अल्मेंद्रो वसाहतीत कोणालाच खरं वाटलं नाही. म्हणजे सुरुवातीला. नंतर सगळ्यांना वाटलं.

वर्तमानपत्राने आमचं विभागीय कार्यालय बंद केलं. त्याची बातमीही मीच लिहिली. ती सहाव्या पानावर आली, खाली. त्यानंतर काय करावं याचा विचार करताना मी जे ठरवलं ते ऐकून माझ्या बायकोने, सोराइदाने, हातातली इस्त्री उभी केली.

"स्पीच थेरपी? तू?"

"वाचा आणि भाषा विकार. पदव्युत्तर."

"पण त्यात समोरच्याला बोलू द्यायचं असतं, ओविदिओ."

हा टोमणा होता. मी त्याकडे दुर्लक्ष केलं. ते चूक होतं, हे मला अकरा महिन्यांनी कळलं.

कारण साधं होतं. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत मिळून मोठ्या माणसांना बोलायला शिकवणारी एकच बाई होती, मिसी अरोचो. तिने जानेवारीच्या तेरा तारखेला दवाखाना कायमचा बंद करून मुलीकडे फ्लोरिडाला जायचं ठरवलं होतं. तिच्या पेशंटांमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे डॉन एलादिओ होते. हे निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं त्यांनी घरोघर पत्रं टाकली आणि प्रत्येक दारात पाच मिनिटं उभं राहून गप्पा मारल्या. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. हातपाय बरेचसे परत आले, पण शब्द आला तो एकच: "बरोबर."

काहीही विचारा, "बरोबर." वसाहतीच्या समितीला तर त्यांच्या या शब्दाची चटक लागली होती. मतं समसमान झाली की कोणीतरी त्यांच्याकडे वळून विचारायचं, "फाटकाला हिरवा रंग द्यायचा ना, डॉन एलादिओ?" आणि फाटक हिरवं व्हायचं. त्यांच्या पत्नी, डोन्या लुमी, रोज सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातून विचारायच्या, "ओट्सची लापशी करू ना?" खिडक्या समोरासमोर असल्याने उत्तर आम्हालाही ऐकू यायचं. "बरोबर."

मिसी अरोचो गेल्यावर यांचं काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. शिकून येऊन मला ते द्यायचं होतं. हे मी मोठ्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मोठ्याने सांगितलं असतं तर समोरच्या विल्बेर्तोने त्यावर सल्ला दिला असता.

अर्जाची शेवटची तारीख होती पंधरा जानेवारी, संध्याकाळी पाच. पुढच्या वर्षी बघू म्हणण्याची सोय नव्हती, कारण उच्चारशास्त्राच्या परीक्षेचे गुण एकच वर्ष चालतात आणि माझे येत्या जूनमध्ये शिळे होणार होते. हा अर्ज हुकला, तर एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा त्याच बाकावर, त्याच वीस वर्षांच्या पोरींमध्ये बसणं आलं. त्या मला "मिस्टर" म्हणायच्या आणि वर्गातला पंखा बंद झाला की माझ्याकडे पाहायच्या. मी तो दुरुस्त करायला आलेला माणूस आहे, असा त्यांचा पहिले तीन आठवडे समज होता.

अर्जाला लागणार होती तीन शिफारसपत्रं, पोलिसांचा चारित्र्य दाखला, एका पानाचं आत्मनिवेदन आणि परवानाधारक थेरपिस्टच्या कामाचं पंचवीस तास निरीक्षण केल्याचा कागद, तिच्या सहीचा, निळ्या शाईत. मी यादी केली, प्रत्येकापुढे तारीख टाकली आणि फ्रिजवर लावली. विल्बेर्तोने ती तिथेच वाचली.

विल्बेर्तो समोरच्या घरात राहतो. नगरपालिकेत सत्तावीस वर्षं काढून तो निवृत्त झाला. जगातलं कोणतंही काम ओळखीशिवाय होत नाही, यावर त्याचा इतका विश्वास आहे की सूर्य उगवतो तोही कोणीतरी सांगून ठेवल्यामुळे, असं तो मनातून समजत असावा.

"शिफारसपत्रं कोणाची?" त्याने विचारलं.

"दोन प्राध्यापकांची. तिसरं मिसी अरोचोचं."

"प्राध्यापक!" तो यादीकडे पाहत म्हणाला. "अरे बाबा, प्राध्यापकाला कोण विचारतं? महापौरांचं पत्र घे."

"महापौरांविरुद्ध मी वर्षानुवर्षं लिहिलंय."

"म्हणूनच देतील. गावातून जातोयस म्हटल्यावर आनंदाने देतील."

"मी गावातून जात नाहीये. शिकून परत येणार आहे."

"ते त्यांना सांगू नकोस," विल्बेर्तो म्हणाला.

चार दिवसांनी माझ्या टपालपेटीत शिक्क्याचा लिफाफा आला. मी मागितलेला नव्हता. आत महापौरांनी लिहिलं होतं की, ते मला माझ्या लहानपणापासून ओळखतात. ते माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेत. पुढे लिहिलं होतं की मी वीया अल्मेंद्रो, चौथी गल्ली, घर क्रमांक नऊ इथे राहणारा शांतताप्रिय नागरिक आहे आणि खेळाडूवृत्तीबद्दल प्रसिद्ध आहे. हेच पत्र अक्षरशः याच शब्दांत ते बास्केटबॉलच्या पोरांना देतात. अर्जाच्या संकेतस्थळावर चौथ्या पत्राला जागाच नव्हती. मी ते कपाटात, जिथे माझाही हात सहज जाणार नाही अशा जागी ठेवलं.

मग निरीक्षणाचे तास सुरू झाले.

मिसी अरोचो साठीची, किरकोळ बांध्याची, आवाज कधीच न चढवणारी बाई. पहिल्या दिवशी तिने मला कोपऱ्यातल्या लहान मुलांच्या खुर्चीत बसवलं, दुसरी खुर्ची नव्हती म्हणून, आणि नियम सांगितला.

"निरीक्षण करणाऱ्याने बोलायचं नाही, मिस्टर सेदा. बोललात तर तो तास मी धरणार नाही."

"अगदी योग्य," मी म्हणालो.

"आजचा पहिला तास गेला," ती म्हणाली.

मला वाटलं ती गंमत करतेय. तिने कागदावर रेघ मारली.

मी वार्ताहर. बावीस वर्षं माझं काम दोनच, विचारणं आणि समोरचा अडला की त्याला शब्द पुरवणं. नगरसेवक "आम्ही ते, काय ते," करू लागला की मी "रस्तारुंदीकरण?" म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्या नावावर छापायचो. सगळ्यांची सोय व्हायची. इथे चार वर्षांच्या एका मुलासमोर मिसी अरोचोने गाईचं चित्र धरलं आणि विचारलं, "हे काय?" मुलाने चित्राकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं. बारा सेकंद झाले. छापखान्यात बारा सेकंद म्हणजे काय, ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

"गाय," मी म्हणालो.

मुलाने माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. या मोठ्या माणसालाही इथे शिकायला यावं लागतं, असं त्याला वाटलं असावं. जाताना त्याने मला त्याच्या बक्षिसातला एक स्टिकर दिला. तास गेला.

पूर्ण आकडे द्यायचे तर ख्रिसमसपर्यंत मी एकूण एक्केचाळीस तास बसलो, त्यातले चोवीस धरले गेले. उरलेले सतरा मी तोंडाने घालवले. एकदा तर मी फक्त "अच्छा" म्हणालो होतो. मी तक्रार केली की "अच्छा" हे बोलणं नव्हे. ते तक्रार करणंही तिने बोलण्यात धरलं.

अठरा डिसेंबरला शेवटचा, म्हणजे पंचविसावा तास होता, तोही डॉन एलादिओंचा. डोन्या लुमी त्यांच्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मिसी अरोचोने किल्लीचं चित्र समोर ठेवलं. डॉन एलादिओंच्या कपाळावरची शीर तटतटली. ओठ जुळले, सुटले, जिभेने टाळू शोधली. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी पाहिलं, सत्तावन्न मिनिटं झाली होती. फक्त तीन उरली होती. इतका वेळ एखादा माणूस एका शब्दाच्या दाराशी उभा आहे हे मला बघवेना, आणि मी अगदी हलक्या आवाजात, केवळ मदत म्हणून म्हणालो, "किल्ली."

डॉन एलादिओंचे ओठ मिटले. त्यांनी चित्र उलटं ठेवलं. "बरोबर," ते म्हणाले.

मिसी अरोचोने रेघ मारली. त्यानंतर दवाखान्याला ख्रिसमसची सुट्टी लागली.

आता आमच्याकडची ख्रिसमसची सुट्टी म्हणजे काय, हे पंधरा जानेवारी ही तारीख ठरवणाऱ्याला माहीत नसणार. आमच्याकडे ख्रिसमस नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतो. तो पंचवीस डिसेंबरला संपत नाही, सहा जानेवारीला तीन राजांच्या सणालाही संपत नाही. त्यानंतर आठ दिवस ओक्ताविता असतात, म्हणजे संपलेल्या सणाची शेपटी. या काळात सरकारी कचेरीत फोन वाजतो, पण तो उचलायला जो माणूस हवा तो डुक्कर भाजायला मामाकडे गेलेला असतो. मिसी अरोचो तर डोंगरावरच्या घरी सामान बांधत बसली होती, आणि तिथे फोन लागत नाही.

यातच संकेतस्थळाने मला कळवलं की माझा चारित्र्य दाखला फार जुना आहे. तो अर्जाच्या तारखेआधी तीस दिवसांच्या आतला हवा. मी तो एक डिसेंबरलाच काढून ठेवला होता, वेळेआधी, शहाणपणाने. वेळेआधी काम करणाऱ्याला या जगात शिक्षा आहे, हे मी नोंदवून ठेवतो.

आठ जानेवारीला मी पुन्हा खिडकीपुढे उभा राहिलो. आतल्या बाईंनी माझं नाव वाचलं आणि चष्मा वर केला.

"तुम्हीच ना ते? 'दाखल्याच्या खिडकीवर साडेतीनलाच पडदा'?"

"त्याला नऊ वर्षं झाली."

"अकरा. फोटोत मी आहे. पाठमोरी. कात्रण आईने जपून ठेवलंय." त्यांच्या आवाजात राग होता की अभिमान, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. "राहत्या पत्त्याचा पुरावा?"

"मागच्या महिन्यात मागितला नव्हता."

"मागच्या महिन्यात मी रजेवर होते."

विजेचं बिल सोराइदाच्या नावावर आहे. पाण्याचं सासऱ्यांच्या नावावर आहे, आणि ते वारून सोळा वर्षं झाली, पण पाणी येतंय म्हणून कोणी बोलत नाही. गाडीच्या परवान्यावर जुना पत्ता. घड्याळात तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. मी घरी गेलो, कपाटात खांद्यापर्यंत हात घातला आणि तीन वाजून चोवीस मिनिटांनी महापौरांचं पत्र खिडकीतून आत सरकवलं. चौथी गल्ली, घर क्रमांक नऊ.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "लहानपणापासून ओळखतात?"

"हो," मी म्हणालो. बावीस वर्षांत मी छापलेलं प्रत्येक वाक्य तपासून घेतलं होतं. हे छापायचं नव्हतं.

दाखला मिळाला. उरला एक तास, एक सही आणि एक शिफारसपत्र, तिन्ही डोंगरावर.

"आपण पारांदा घेऊन जाऊ तिच्याकडे," सोराइदा म्हणाली.

आमच्याकडे दारात पारांद्याचे, म्हणजे सणाची गाणी म्हणत फिरणाऱ्या टोळीचे, गिटार आणि खुळखुळे वाजले की घरच्या माणसाने दार उघडायचं, सगळ्यांना आत घ्यायचं, खाऊ घालायचं. पारांद्याला नाही म्हणता येत नाही. कर्जवसुलीवाल्याला दार न उघडणारी माणसंही पारांद्याला उघडतात. खरा पारांदा मध्यरात्री झोपेतून उठवतो, पण आमच्या वसाहतीतल्या निम्म्या लोकांना आठ वाजता रक्तदाबाची गोळी घ्यायची असते, म्हणून आमचा दुपारी चारला निघतो. इतर वसाहती यावरून हसतात. हसोत.

रविवारी, अकरा तारखेला, तीन गाड्यांतून आम्ही अकरा जण निघालो. विल्बेर्तोकडे तारांच्या पाच जोड्यांचा कुआत्रो होता, सोराइदाच्या मांडीवर आसोपाओचं, म्हणजे भाताच्या दाट सूपचं, पातेलं होतं, कारण सामान बांधलेल्या घरात मिसी आम्हाला काय खाऊ घालणार, आणि मागच्या सीटवर डॉन एलादिओंच्या हातात डोन्या लुमींनी खुळखुळा दिला होता. "वाजवशील ना?" "बरोबर."

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही तिच्या अंगणात सुरू झालो. दुसऱ्या कडव्याला दार उघडलं. मिसी अरोचो घरच्या झग्यात, केसाला रुमाल, हातात चिकटपट्टी. तिने गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फायलीकडे पाहिलं.

"चोवीस झालेत, मिस्टर सेदा. मी पंचवीस लिहिणार नाही."

"आम्ही गाणं म्हटलं!" विल्बेर्तो म्हणाला. त्याच्या मते हा कायदेशीर मुद्दा होता.

"छान म्हटलंत. चोवीस."

सोराइदाने पातेलं खाली ठेवलं. "मग पंचविसावा आत्ता घ्या ना, मिसी. पेशंट बरोबर आणलाय."

मिसी अरोचोने डॉन एलादिओंकडे पाहिलं. त्यांचं एक सत्र खरंच राहिलं होतं. "चालेल तुम्हाला, डॉन एलादिओ?" अर्थात बरोबर.

व्हरांड्यात खोक्यांवर आम्ही बसलो. मिसी अरोचोने 'स्वयंपाकघर २' असं लिहिलेल्या खोक्याची चिकटपट्टी उचकटून चित्रांचा गठ्ठा बाहेर काढला, आणि चार वाजून छत्तीस मिनिटांनी तास सुरू झाला.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब तास. पाचव्या मिनिटाला विल्बेर्तो अंगणात इतरांना सांगू लागला की नदीवरचा पूल पडला तेव्हा ओविदिओला ती बातमी त्यानेच दिली. त्याने नदी चुकीची सांगितली. साल चुकीचं सांगितलं. आणि बातमी मला एका खाटकाने दिली होती. मी जीभ दातांत धरली. विल्बेर्तोने मान वळवून खात्री करून घेतली की मी ऐकतोय, आणि मग त्या बातमीला त्याने स्वतः मथळाही दिला असल्याचं सांगितलं.

बाविसाव्या मिनिटाला त्याच्याच कुआत्रोवर कोणीतरी जुनं आगिनाल्दो, म्हणजे ख्रिसमसचं गाणं, छेडलं, आणि डॉन एलादिओ गाऊ लागले.

नुसते सूर नव्हे, तर शब्दांसकट. पहिलं कडवं, धृपद, दुसरं कडवं. चौदा महिने ज्या तोंडातून एक शब्द यायचा त्यातून रम, रताळी, मेरी, गाढव आणि शेजाऱ्याची कोंबडी, सगळं क्रमाने आलं. अंगणातले सगळे व्हरांड्यात शिरले. कोणी छातीवर क्रूस काढला. डोन्या लुमी रडू लागल्या, आणि रडता रडताच त्यांना राग आला.

"चौदा महिने माझ्याशी एक शब्द नाही! आणि इथे परक्या बाईच्या घरात रमचं आख्खं गाणं? लुमी म्हण! म्हण, लुमी!"

डॉन एलादिओंनी त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले.

"असंच होतं," मिसी अरोचो शांतपणे म्हणाली. "गाणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. म्हणून ते बरे झाले असं नाही. पण त्याचा उपयोग करता येतो. मिस्टर सेदा, हे पुस्तकात कितव्या प्रकरणात आहे?"

नवव्या. पान दोनशे बारा. मला त्या परीक्षेत पैकीच्या पैकी होते. तोंड उघडलं, आणि तिच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं दिसलं. मी तोंड मिटलं. तिने मान किंचित हलवली, आणि पुढचं चित्र ठेवलं.

न्याहारीची चित्रं होती. पाव, अंडं, कॉफी, वाडग्यातली लापशी. डॉन एलादिओंनी लापशीचं चित्र उचललं. खाली ठेवलं नाही. ते त्यांनी डोन्या लुमींकडे वळवून धरलं, मग न जाणे का, माझ्याकडे. पाच वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

"ओ..." ते म्हणाले.

मला तो शब्द माहीत होता. व्हरांड्यातल्या सगळ्यांना माहीत होता. आमच्या गल्लीत तो रोज सकाळी सात वाजता ऐकू येतो. विल्बेर्तोने "ओ" पर्यंत तोंड केलं, तेवढ्यात सोराइदाने त्याच्या पायावर पाय दिला. मी दोन्ही हातांनी बसल्या खोक्याच्या कडा धरल्या. किल्लीचा तो दिवस मला आठवत होता, त्यांनी चित्र उलटं ठेवलं होतं तो. मी काही तरी हिसकावून घेतलं होतं आणि त्याला मदत म्हटलं होतं. एक मिनिट चाळीस सेकंद गेले. खाली दरीत कोंबडा आरवला, चुकीच्या वेळी.

"ओट्स," डॉन एलादिओ म्हणाले.

"हवेत?" डोन्या लुमी पुढे झाल्या. "उद्या करते ना राजा, रोजच तर—"

मिसी अरोचोने एक बोट वर केलं. डोन्या लुमी थांबल्या. हा प्रसंगही मी नोंदवून ठेवतो. डॉन एलादिओ मान हलवत होते, आडवी. पुन्हा ती शीर, पुन्हा ती टाळू. या वेळी मी घड्याळ पाहिलं नाही.

"ओट्स," ते म्हणाले. "नको."

मग डोन्या लुमींनी कमरेवर हात ठेवले.

"चौदा महिने रोज विचारते मी तुला! मग तेव्हाच बोलायला काय झालं होतं?"

पहिले हसले ते डॉन एलादिओ. मग सगळेच. मीही हसलो, आणि हसता हसता घाबरून मिसी अरोचोकडे पाहिलं.

"हसणं चालतं," ती कागदावरून नजर न उचलता म्हणाली. "बोलणं नाही. अजून नऊ मिनिटं आहेत."

पाच वाजून छत्तीस मिनिटांनी तिने निळ्या शाईत सही केली. शिफारसपत्रही तिथेच, खोक्यावर बसून लिहिलं. त्यात एकच ओळ माझ्या वर्णनाची होती: 'अर्जदाराला बोलण्याची सवय आहे, ती मोडता येते, हे मी स्वतः पाहिले आहे.' मला ती जरा लागली. महापौरांनी निदान खेळाडूवृत्ती म्हटलं होतं.

आत्मनिवेदन तेवढं राहिलं होतं. त्याचे मी चार मसुदे केले होते. पहिल्यात बातमीसारखं सगळं होतं, फक्त मी कुठे नव्हतो. पुढच्या तिन्हींत मीच मी होतो. पाचव्यात मी व्हरांडा लिहिला, ओट्सपर्यंत. एका पानात बसला. सोराइदाने वाचला आणि म्हणाली, "पातेलं माझ्या मांडीवर होतं, हे राहिलं." मी ते घातलं.

पंधरा तारखेला दुपारी बाराला लाइट गेली. गेली नसती तर आश्चर्य. विल्बेर्तोचा जनरेटर त्याच्या फ्रीझरला जोडलेला होता, आणि फ्रीझरमध्ये उरलेला अर्धा डुक्कर होता. त्याने डुकराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक उसासा सोडून वायर काढली. चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी अर्ज गेला. सतरा मिनिटं आधी. माझा बावीस वर्षांचा हिशेब शाबूत राहिला.

"महापौरांचं पत्र उपयोगी पडलं ना?" विल्बेर्तोने वायर परत लावत विचारलं.

"फार," मी म्हणालो. हे खरं होतं. बाकीचं त्याने विचारलं नाही.

एप्रिलमध्ये निकाल आला. वीस जागा होत्या. माझा क्रमांक एकविसावा. मे महिन्यात एका मुलीने दुसरीकडे प्रवेश घेतला आणि मी विसावा झालो. सोराइदाने सगळ्यांना नुसतं "लागला" असं सांगितलं. अचूक माहिती मी इथे देतो आहे.

एव्हाना डॉन एलादिओंमुळे वसाहतीचं वातावरण बदललं होतं. डोन्या लुमी लापशीऐवजी अंडी करू लागल्या होत्या, आणि तीन आठवड्यांत त्यांना "अंडी नको" हेही ऐकावं लागलं होतं. समितीत विल्बेर्तोने कारंज्याचा ठराव आणला, मतं समसमान पडली, सवयीने सगळे डॉन एलादिओंकडे वळले. अर्ध्या मिनिटाने ते "नको" म्हणाले. वसाहतीच्या इतिहासात पडलेला हा पहिला ठराव. विल्बेर्तोने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्यांना त्याचा काहीच त्रास होत नाहीये.

प्रवेशाचं पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो. ते वेताच्या खुर्चीत होते, डोन्या लुमी शेंगा सोलत होत्या, विल्बेर्तो कठड्यावर बसला होता.

"ऑगस्टपासून कॉलेज," मी सांगितलं. "तोपर्यंत आणि त्यानंतरही, शनिवारी तासभर मी तुमच्याबरोबर बसेन म्हणतो. थेरपिस्ट म्हणून नाही, अजून तो हक्क नाही मला. नुसता बसेन. चालेल का तुम्हाला?"

वर्षापूर्वी याचं उत्तर मला प्रश्नाआधीच माहीत असतं. आता त्यांच्याकडे दोन उत्तरं होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचार करायला घेतला. विल्बेर्तोने तोंड उघडलं. डोन्या लुमींनी मान वर न करता एक शेंग त्याला फेकून मारली.

आम्ही थांबलो. निकालाच्या पाकिटासाठीही मी इतका थांबलो नव्हतो.

"बरोबर," डॉन एलादिओ म्हणाले.

मी "थँक यू" म्हणणार होतो. त्यांनी हात वर केला. त्यांचं अजून संपलं नव्हतं.

"अंडी नको," ते डोन्या लुमींकडे बोट दाखवत मला म्हणाले, आणि मग बराच वेळ शोधून, "सांग."